आडी महिन्यात फोडलेले खोके

अंबू,

आडी महिना अजून सरलेला नाही आणि मी तुझे सगळे खोके फोडले. एकूण एक. भाजीच्या सुरीनं, शनिवारी, राहुकाळात. राहुकाळ कॅलेंडरवर मुद्दाम बघून घेतला, चुकून चांगली वेळ साधली जाऊ नये म्हणून. ऐकू येत असेल तर ओरड. येत नसेल तर तो तुझा दोष. जायची घाई तुला झाली होती, मला नाही.

मद्रासच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून मागितलंय. "तुम्ही त्यांच्या वहिनी, शिवाय तुमचं मराठी सांगलीचं, शुद्ध. अंबुजाताईंनी किती वर्षं गणित शिकवलं, स्वभाव किती शांत होता, असं काहीतरी लिहा." शांत! वेस्ट मांबलममधल्या भाजीवाल्यांना विचारा म्हणावं. मी तसलं काही लिहिणार नाही. मी आपलं भांडण लिहिणार आहे, कारण ते अर्ध्यावर टाकून तू उठून गेलीस, आणि भांडण अर्ध्यावर टाकणाऱ्या माणसाला मी आयुष्यात कधी माफ केलेलं नाही.

तुला ट्रक चालवायचा होता. लोकांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं, लग्न न केलेली गणिताची बाई म्हणजे वही, खडू आणि रविवारी देऊळ. श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर तुझी शाळा. बसमध्ये तू ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचीस आणि घरी येऊन सांगायचीस, "आज त्यानें चढास तिसरा गिअर टाकला, मूर्ख." नव्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रक शेजारून जायचे. बायका कांजीवरमकडे बघतात तशी तू त्यांच्याकडे बघायचीस. एकदा तुझ्या भावाला म्हणालीस, मला गाडी शिकव. तो हसला. माझा नवरा, फार गोड हसायचा. त्या दिवशी मला ते हसू आवडलं नाही, पण मी तेव्हा आदर्श सून होते. म्हणजे मूर्ख होते.

मग माझ्या नातीनं, मीनूनं, एकदा सिरुसेरीहून सुट्टीला येताना लॅपटॉप आणला आणि तुला तो खेळ दाखवला. परदेशातला ट्रक, लांब रस्ता, बर्फ पडतोय. तू ट्रक हलवलास मात्र, लॅपटॉप कुकरसारखा फुसफुसायला लागला. बर्फाचे चौकोन झाले.

"मीनू, हा बर्फ आहे कीं इडलीचा चुरा?"

"अंबूपाटी," मी तिची आज्जी, तू तमिळ पाटी, "लॅपटॉपला झेपत नाही. याला गेमिंग पीसी लागतो, चांगला दांडगा. एकेक पार्ट निवडून जोडायचा."

"निवडून म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे."

झालं. जुळवायचं म्हटल्यावर तू पेटलीस. स्वतःचं कुठं जुळू दिलं नाहीस, पण गणित येतं म्हणून अर्ध्या नातेवाइकांच्या पत्रिका तूच जुळवल्यास, आणि मोडल्यास त्याहून जास्त. आता तू व्हिडिओ बघायला लागलीस, चष्म्यावर चष्मा चढवून. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचं सॉकेट एकच लागतं हे कळल्यावर मला स्वयंपाकघरातून ओढून आणलंस. "वैनी, लग्नास सगोत्र चालत नाहीं, येथें सगोत्रच पाहिजे!" रॅम म्हणजे जुळ्या बहिणी, पण नव्या बोर्डाला नव्याच पिढीच्या, जुन्यांची खाचच वेगळी, बसतच नाहीत. "आपल्यासारख्या," मी म्हटलं. पॉवर सप्लाय म्हणजे मुलीचा बाप, सगळ्या वऱ्हाडाचं खाणंपिणं त्याच्या जिवावर, म्हणून लागतो त्यापेक्षा थोडा दणकटच बघायचा. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे नवरदेव. सगळ्यांत महाग, सगळ्यांत खादाड, सगळ्यांत जास्त तापणारा, आणि लांबीचं तर विचारूच नका.

मी तुझ्या मागं मान डोलवत बसायचे. मी म्हणजे कॉम्प्युटरला भिणारी बाई. बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्या गार खोलीत आम्ही चपला बाहेर काढून जायचो, गाभाऱ्यात जावं तसं. आयुधपूजेला मी, शाखेतली सगळ्यांत हुशार कारकून, त्याला गंध लावायला गेले आणि ओलं चंदन थेट फ्लॉपीच्या फटीत. दुसऱ्या दिवशी मशीन मुकं. मी सगळ्यांना सांगत फिरले, मशीनच कच्चं आहे. आपलं काही चुकू शकतं हे तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मला, माहीतच नव्हतं. सांगलीहून लग्न करून आली तीच मुळी शिवकाळापासून तमिळ मुलखात राहिलेल्या तुम्हा तंजावरकरांना मराठी शिकवायला. पहिल्याच सकाळी तू विचारलंस, "वैनी, काफी घेतां कीं?" आणि मला वाटलं, ऐतिहासिक नाटकातली पात्रं न्याहारीला बसलीत. पोट धरून हसले. तूही हसलीस. तुला वाटलं, नवी नवरी आनंदात आहे.

असो. रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारात सगळं तू निवडलंस. माझ्या वाट्याला एकच वस्तू ठेवलीस: कॅबिनेट, म्हणजे हे सगळं वऱ्हाड ज्यात राहणार ती पेटी. मी पांढरी निवडली, एका अंगाला काच, आटोपशीर, देवघराशेजारच्या कोनाड्यात बरोबर बसणारी. तुला हवी होती काळी, फ्रीजएवढी.

"वैनी, कार्ड लांब आहे. ह्यांत मावायचें नाहीं."

"मावेल."

"मोजून पाहूं."

"मी मोजत नाही. तुझ्या मावसबहिणीच्या, पद्माच्या, लग्नातला माझा ब्लाऊज मी नजरेनं बेतला होता. टेप हातात धरली नव्हती. बसला की नाही? बसला की नाही, सांग!"

तू एकदम गप्प झालीस. दुकानदार बिचारा म्हणाला, "एदावदु ओन्नु सोल्लुंगम्मा," काहीतरी एक ठरवा बाई. तू माझ्याकडे बघितलंस, त्या काचेच्या पेटीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सरि."

सरि, म्हणजे ठीक, तुझं खरं! पन्नास वर्षांत तू मला सरि म्हणाली नव्हतीस. मीठ जास्त झालंय हे तुला पटवायला मला आजवर साक्षीदार लागले. ऑटोत मी पुरीसारखी फुगून बसले. माझ्या मांडीवर मुलीचा बाप, तुझ्या मांडीवर नवरदेव, आणि माझी पांढरी पेटी दोघींच्या मधे, जिंकलेली.

घरी आल्यावर तू जाहीर केलंस, "आतां हे खोके आवणीच्या पहिल्यास उघडायचे."

ज्यांना आडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आडी हा तमिळ महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही, नव्या घरात पाऊल नाही, कशाचाच आरंभ नाही. तो सरून आवणी लागली की सगळं सुरू. आडीत गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून दुकानदार भाव पाडतात, आणि भाव पडले म्हणून अख्खं मद्रास आडीतच दुकानांत लोटतं. आपल्या घरात तर दोन पंचांगं, देवघरात मराठी आणि स्वयंपाकघरात तमिळ. ज्यात मनाई जास्त ते तू पाळायचीस.

"विकत घ्यायला आडी चालतो, आणि उघडायला चालत नाही?"

"विकत घेणें हा व्यवहार. उघडणें हा आरंभ."

"गणिताची बाई ना गं तू?"

"म्हणूनच. व्याख्या स्पष्ट पाहिजे."

मीनू फोनवर कळवळत होती. "पाटी, निदान उघडून बघा ना! काही जुळलं नाही तर दुकानात परत द्यायची मुदत निघून जाईल." तू म्हणालीस, "मुदत जाईल, महिनाही जाईल." मी तीन दिवस तुझ्याशी भांडले. तू त्या खोक्यांची उतरंड रचलीस हॉलमध्ये, रोज फडक्यानं पुसायचीस, वरच्या खोक्यावर काफीचा टंबलर ठेवायचीस आणि त्याच्याकडे बघत प्यायचीस. लग्न ठरलेल्या मुलीकडे बघावं तशी.

मग आडी शुक्रवार आला. दरवर्षी आपण दोघी अम्मनच्या देवळात कूळ घ्यायला जातो, मातीच्या मडक्यातली ती आंबील तुला साखरेच्या खिरीपेक्षा प्यारी. यंदा म्हणालीस, "गुडघा दुखतो, वैनी. तूं जा. सावकाश ये." मी उन्हात रांगेत उभी राहिले. तुझ्या गुडघ्यासाठी देवीपुढं नारळ फोडला. संध्याकाळी हिंगाची रिकामी डबी शोधत होते, मोहरी भरायला; सापडेना. शिलाई मशीनच्या खणातला स्क्रूड्रायव्हर चमच्यांत निघाला. मी कामवालीवर डाफरले. तू पेपर वाचत होतीस. पान उलटलंस, एवढंच.

आणि पुढच्याच आठवड्यात एका दुपारी दहीभात खाऊन तू आरामखुर्चीत बसलीस, मी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेले, आणि खाली आले तर खुर्ची होती, तू होतीस, आणि नव्हतीस. याच्या पुढचं मी लिहिणार नाही. ज्यांना ते वाचायला आवडतं त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं.

एवढंच लिहिते की मी रडले नाही. मी चिडले. तुझ्या पायांशी खोके, एकही न उघडलेला. जन्मभर ट्रक बघितलास, चालवायला मिळणार होता तर महिना आडवा घातलास. आडी तुझ्यासाठी थांबला नाही, गेलाबिलाही नाही, तिथंच कॅलेंडरवर होता, तारखा भरत. तूच तेवढी गेलीस.

तेरावं झालं. तंजावरचा अण्णा, तुझा चुलतभाऊ, आता घरातला सगळ्यांत मोठा पुरुष, हॉलमध्ये उभा राहून खोक्यांकडे बघत म्हणाला, "वैनी, हें सगळें माळ्यावर चढवूं. घरांत गेलेलें आहे. वर्षभर नवा आरंभ नको."

"वर्षभर?"

"वर्षश्राद्ध होऊं दे. मग बघूं."

"अण्णा, मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. वर्षाची हमी मला कोणी दिली आहे का?"

"तसें बोलूं नये, वैनी."

"आणि ह्या वस्तू वर्षात जुन्या होतात. नवरदेव माळ्यावर म्हातारा होईल."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला भ्रम झालाय. त्याला कुठला नवरदेव ते कोण सांगणार? हसायला तू नव्हतीस. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला, अंबू, की तुझ्या फोटोला हार घालायचा मी तसाच राहू दिला. आधी आडी म्हणून थांबायचं. आता तू गेलीस म्हणून थांबायचं. जी स्वतः महिनाभर थांबली नाही तिच्यासाठी मी वर्षभर थांबायचं, आणि तोवर मीही गेले तर मीनूनं आणखी एक वर्ष. असे खोके ह्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर चढतात. लोणच्याच्या बरण्या, तुझी व्हायोलिनची पेटी, माझं सगळं सांगलीचं सामान. वर गेलेलं काहीही मी खाली आलेलं बघितलेलं नाही.

"माळ्यावर काही जाणार नाही," मी म्हटलं. मग मीनूला फोन केला, "शनिवारी ये. सकाळी. राहुकाळात."

तर शनिवारी आम्ही दोघी हॉलमध्ये जमिनीवर बसलो. मी सुरी चालवली. प्रोसेसर, बोर्ड, जुळ्या बहिणी, मुलीचा बाप. मीनू एकेक काढून चादरीवर मांडत होती. मग नवरदेवाचा खोका उचलला, आणि त्याचं सील आधीच कापलेलं. वरून सेलोटेप. नीट, सरळ, कोपरे आत दुमडून.

"चोरी!" मी उठलेच. "उघडलेला माल गळ्यात मारला! छत्री दे माझी, निघाले मी रिची स्ट्रीटला."

"आज्जी, थांब." मीनू त्या दुमडलेल्या कोपऱ्यांकडे बघत होती. लहानपणी तिच्या सगळ्या वह्यांना तूच कव्हरं घातली होतीस.

तिनं माझी पांढरी पेटी ओढली. त्या टेपचेही कोपरे दुमडलेले. काच काढली. आत पुढच्या बाजूला, पुस्तिकेतल्या चित्रात जिथं डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा दाखवलाय, तिथं काहीच नव्हतं. नुसती भोकं. आणि तळाशी, मधोमध, हिंगाची पिवळी डबी.

उघडली. स्क्रू. अख्खा हॉल हिंगानं घमघमला.

मीनूनं कार्ड आत धरून बघितलं. "हा पिंजरा असता तर मावलंच नसतं, आज्जी. दोन बोटं कमी पडली असती. जुन्या जातीच्या डिस्क ठेवायला असतो तो, आपल्याला नकोच आहे. बघ, आता कसं बसलं. अंबूपाटीनं घालून बघितलेलं दिसतंय." पिंजरा तुझ्या कपाटात सापडला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला.

ढोंगी बाई! मी उन्हात तुझ्या गुडघ्यासाठी नारळ फोडत होते, आणि तू त्याच गुडघ्यांवर बसून, आडीत, शुक्रवारी, आरंभ करत होतीस! मला व्याख्या शिकवतेस? ज्या नियमासाठी तू मला तीन दिवस छळलंस तो तू एका सकाळीत मोडलास, पेटी आतून उसवलीस, आणि वर पेपर वाचत बसलीस. का? मी बरोबर ठरावे म्हणून. आवणीच्या पहिल्या दिवशी मीनूसमोर नवरदेव माझ्या पेटीत सर्रकन आत जावा, मी म्हणावं, "बघ, मावला की नाही?" आणि तू म्हणावंस, "सरि." सगळा बेत आखलेला. आणि त्या बेतात तुला स्वतःला हरायचं होतं.

मला दया नको होती गं. मला भांडण हवं होतं. "वैनी, मावलें नाहीं, मी सांगितलें होतें," एवढं म्हणायचंस. मी अबोला धरला असता. भाजीत मीठ कमी घातलं असतं. मग एका सकाळी तू काफी आणून न बोलता पुढ्यात ठेवली असतीस, आणि मी म्हटलं असतं, साखर कमी आहे. तो सगळा अबोला तू माझ्याकडून काढून घेतलास. शेवटचं भांडण होतं ते, अंबू. ते तरी नीट जिंकायचंस.

आणि तेव्हापासून मला माझ्या प्रत्येक विजयाचा संशय येतोय. पहिल्या दिवाळीचे माझे अनारसे तुपात विरघळत होते. मी रडकुंडीला येऊन देवापुढं हात जोडायला गेले, परत आले तर ताटात जाळीदार, गुलाबी. मी म्हटलं, देव पावला. स्वयंपाकघरात देव नव्हता, तू होतीस, पदर खोचून. आणि पद्माच्या लग्नातला ब्लाऊज. आदल्या संध्याकाळी हुक लागत नव्हते. कोणाला सांगितलं नाही, तोंड दाबून झोपले. सकाळी घातला तर बरोबर बसला, आणि त्या बावळट बाईनं ठरवलं की रात्रीत कापड सैल पडलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात मी ती गोष्ट सांगते. तुझ्यादेखत. तू मान डोलावतेस. दुकानात मी ओरडले, "बसला की नाही?" आणि तू गप्प झालीस.

मी आता कोणाला विचारू? तुझा भाऊ गेला, पद्माही गेली. त्या सगळ्या वर्षांत माझं खरंच काय मावलं होतं आणि तू कुठं कुठं आतून उसवून ठेवलं होतंस, हे माहीत असलेलं एकच माणूस होतं. ते दहीभात खाऊन गेलं.

मशीन सुरू झालं. बटण मी दाबलं, हिंगाच्या बोटानं. पहिल्या झटक्यात. सगळ्यांचं सगळ्यांशी जुळलं होतं. तू जुळवलेलं आजवर कधी मोडलं नाही, हे लिहायलाच हवं. तेवढ्यात अण्णाचा फोन. "वैनी, खोके उघडले नाहींत ना?"

"उघडले. आणि अण्णा, मी पहिली नाही. तुमच्या अंबूनं आडी शुक्रवारीच उघडले होते."

मग हळूच, "चाललें कां?"

"पळतंय."

"बघायास येऊं कां?"

मीनूनं कुणाचं तरी स्टिअरिंग मागून आणलंय. बर्फ पडतो, अंबू. इडली नाही. एकेक कण काचेवर टेकतो, वायपर त्याला सारतो, परत टेकतो. मी पहिल्याच वळणावर टोलनाक्याचा खांब पाडला. मीनू किंचाळली, "आज्जी, ब्रेक!" मी विचारलं, कुठाय. चढावर गाडी धापा टाकायला लागली तेव्हा मी वाट बघितली. कोणीच मूर्ख म्हणालं नाही. शेवटी मीच म्हटलं.

पत्र्याचा पिंजरा मी ओट्यावर ठेवलाय. त्यात ताटल्या छान उभ्या राहतात. तू हसली असतीस.

आणि एक. काल ट्रंक उघडून तो ब्लाऊज काढला. मोतिया रंगाचा होता, आता पिवळट पडलाय. उलटा करून काखेतली शिवण बघितली की कळेल, त्या रात्री ती कुणी उसवून सैल केली होती का. मी मशीनवर शिवते, तू नेहमी हातानं, बारीक, तिरप्या टाक्यांनी. तुझा टाका मी अंधारातही ओळखेन. उलटा करायला एक क्षण लागतो. समोर कीबोर्डवर पडलाय. सकाळपासून मी ट्रक चालवतेय आणि त्याच्याकडे बघत नाहीये.

राहुकाळाला भ्याले नाही, अण्णाला भ्याले नाही, सुतकाला भ्याले नाही. पण हा एवढा एक, अंबू, मी आवणी लागल्यावर उघडेन.